दोन फोल्डर डोळ्यांनी जुळवू नको, डिफ वापर

अरे भावा, रात्रभर जागून दोन फोल्डरमधल्या फाइली एकेक उघडून बघत बसू नको, डोळे जातील आणि फरक नेमका निसटेल. डिफ म्हणजे फाइलींमधला फरक दाखवणारी टर्मिनलची कमांड. आधी 'डिफ -आरक्यू' लिही, पुढे जुना फोल्डर मग नवा, म्हणजे आतल्या सबफोल्डरसकट कुठली फाइल वेगळी आणि कुठली एकाच बाजूला आहे ते लगेच कळतं. मग वेगळ्या निघालेल्या फाइलींवर 'डिफ -यू' चालव, वजावाली ओळ जुन्या फाइलीतली, अधिकवाली नव्यातली. क्रम उलटा दिलास तर अर्थच उलटतो बघ, हे नीट लक्षात ठेव.

सातपूरला आमच्याकडे सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, प्रोग्रामात फीड (टूल पुढे सरकायचा वेग) एफ१२० चा एफ१२०० झाला होता, एक शून्य फक्त! जॉब लावायच्या आधी डिफ मारला म्हणून टूल वाचलं, तेव्हापासून मी बॅकअपशी जुळवल्याशिवाय मशीनला प्रोग्राम देतच नाही.

आणि सगळ्याच ओळी वेगळ्या दिसल्या तर घाबरू नको, बहुतेक वेळा फाइल विंडोजवरून आलेली असते, ओळीच्या शेवटी जास्तीचं न दिसणारं अक्षर असतं. लिनक्सवर '--स्ट्रिप-ट्रेलिंग-सीआर' जोड, खरा फरक तेवढा उरेल. डिफने काहीच छापलं नाही तर फाइली सेम आहेत.