टूर्निकेट आवळल्यानंतरची रात्र

प्रश्न : मी चार वर्षं सैन्यात वैद्यकीय सहायक आहे, यंदा सेवेतून बाहेर पडतोय. एका सरावात सहकाऱ्याच्या मांडीतून रक्ताची धार लागली. मी टूर्निकेट (रक्त थांबवायला जखमेच्या वर घट्ट आवळायचा पट्टा) आवळला, त्यावर वेळ लिहिली, तो वाचला. त्या रात्री रुग्णालयात त्याच्या उशाशी बसलो होतो. एक परिचारिका सारखी येऊन त्याच्या पायाची बोटं दाबून बघत होती. तेव्हापासून नर्सिंग करावंसं वाटतंय. घरचे म्हणतात, हे बायकांचं काम. शिवाय २४व्या वर्षी पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची?

उत्तर : तुमच्या पत्रातली बोटं दाबण्याची ओळ मी दोनदा वाचली. बोटांची ऊब, रंग, स्पर्श कळतोय का, दाबून सोडल्यावर लाली किती वेळात परतते, हे ती पाहत होती. पायातला रक्तप्रवाह अडला किंवा स्नायूंमध्ये दाब वाढला, आणि ते वेळेत कळलं नाही, तर वाचलेला माणूसही पाय गमावतो. तुम्ही काही मिनिटांत त्याचा जीव वाचवलात, तिने रात्रभर जागून त्याचा पाय राखला. नर्सिंगचा बराचसा दिवस या दुसऱ्या कामात जातो. तुमच्या मनात घर केलं ते याच कामाने, म्हणून तुमची ओढ मला खरी वाटते.

ही वाट जुनीच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिकांना घेऊन क्रिमियन युद्धाच्या वेळी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, तेव्हा तिथे जखमांपेक्षा हगवण, कॉलरा, टायफस यांनीच जास्त सैनिक दगावत होते. लोकांना त्यांच्या हातातला दिवा आठवतो. मला महत्त्वाची वाटतात ती १८५५मध्ये तिथे साफ झालेली गटारं, खेळती झालेली हवा, आणि नंतर नाइटिंगेल यांनी मृत्यूंचे आकडे आकृत्यांतून मांडून सरकारला दाखवलेलं वास्तव. त्याच अनुभवाच्या बळावर १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची नर्सिंग शाळा सुरू झाली.

घरच्यांच्या शंकेबद्दल. अमेरिकी लष्कराच्या परिचारिका दलातही १९५५पर्यंत पुरुषांना जागा नव्हती. मग नियम बदलला आणि पुरुष रुजू झाले. कारणं समजावत बसण्यापेक्षा त्या रात्रीची गोष्ट घरी जशीच्या तशी सांगा. बहुधा त्यांनी ती तुमच्या तोंडून ऐकलेलीच नसेल.

आता थोडं कडू. सैन्यात तुमचे रुग्ण बहुतेक तरुण आणि धडधाकट. वॉर्डात मधुमेहाने पाय सडलेले आजोबा असतील, तुमचं नाव रोज विसरणाऱ्या आजी असतील, बाळंतीण असेल, आणि कितीही केलं तरी चिडणारा रुग्ण असेल. दुसरं म्हणजे अधिकार. रणभूमीवर जे तुम्ही एकट्याने करत होतात, त्यातलं बरंच काही विद्यार्थी म्हणून करायची परवानगी नसेल. कदाचित वयाने लहान असलेली परिचारिका सांगेल, ‘आधी मला विचारा.’ हे ऐकून घेणं माजी सैनिकांना अभ्यासापेक्षा जड जातं, असं माझं मत आहे. रक्तस्राव, श्वासमार्ग, कोणाला आधी बघायचं हे तुमच्या हाताला ठाऊक आहे. औषधशास्त्र, बालआरोग्य, मानसिक आरोग्य मात्र नव्याने शिकावं लागेल. म्हणूनच पहिल्या वर्षापासून बसण्याची लाज बाळगू नका. चोविसावं वर्ष हे काही उशिराचं वय नाही.

सेवेतला अनुभव म्हणजे परिचारक म्हणून नोंदणी नव्हे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि नर्सिंग परिषदेची नोंदणी लागतेच. काही ठिकाणी लष्करी प्रशिक्षणामुळे एखाद्या विषयात सूट मिळते. म्हणून बाहेर पडण्याआधीच प्रशिक्षणाचे तास, केलेली कामं, प्रमाणपत्रं अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. नंतर कागद जमवताना फार पायपीट होते. प्रवेशासाठी विज्ञान विषयांची अट आहे का, तेही महाविद्यालयात विचारा.

अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या साध्या मेडिसिन वॉर्डात आठवडाभर मदतनीस म्हणून उभे राहता येतं का, ते बघा. आपत्कालीन विभाग मुद्दाम टाळा. तिथे तुम्हाला आवडणारच. रात्रपाळी मिळाली तर घ्या. पहाटे चार वाजता, काहीच घडत नसताना, पुढच्या खाटेवरच्या माणसाची कूस बदलायला तुम्ही आपणहून उठता का, ते पाहा आणि मला कळवा.