मध्यरक्षक, मधली फळी आणि खळ्यातली मेढ

प्रश्न असा आहे : फुटबॉलच्या बातमीत 'आक्रमक मध्यरक्षक' असं वाचलं. आक्रमक असेल तर तो रक्षक कसा? आणि 'होल्डिंग मिडफिल्डर'ला, म्हणजे मैदानाच्या मध्यात मागे थांबून खेळणाऱ्याला, मराठीत काय म्हणावं?

'मध्यरक्षक' कबड्डीत चपखल बसतो. तिथे कोपरारक्षक असो की मध्यरक्षक, चढाई करणारा आत आला की सगळ्यांचं काम एकच : पकड. फुटबॉलमध्ये 'मिडफिल्डर'ला मध्यरक्षक म्हणतात, पण तिथे मधल्यांची कामं वेगवेगळी, आणि संघाचा तोल त्या वाटणीवरच टिकतो.

२०१० च्या विश्वचषकातला स्पेन आठवा. मध्यात बुस्केट्स, झाबी अलोन्सो, झावी, इनिएस्टा. पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडकडून ०-१ अशी हार झाली आणि टीका सुरू झाली, की बुस्केट्स आणि अलोन्सो असे दोघे मागे थांबणारे कशाला? प्रशिक्षक डेल बोस्के यांनी जोडी मोडली नाही. अंतिम सामन्यात मात्र, नेदरलँड्सविरुद्ध गोलफलक कोरा असताना, ८७व्या मिनिटाला त्यांनी मागे थांबणाऱ्या अलोन्सोला काढून पुढे सरकून खेळणाऱ्या फाब्रेगासला उतरवलं. ११६व्या मिनिटाला फाब्रेगासच्याच पासवर इनिएस्टाने गोल केला. आता ही अदलाबदल मराठीत सांगायची, तर 'एका मध्यरक्षकाच्या जागी दुसरा मध्यरक्षक आला' एवढंच हाती लागतं. सगळा डाव त्या वाक्यातून निसटतो.

म्हणून सगळ्यांना मिळून 'मधली फळी' म्हणावं. फळी हा लढाईतला शब्द, फळी धरतात, फळी फोडतात. फळीत थोपवणाराही असतो आणि घुसणाराही. इनिएस्टासारखा असेल तर 'मधल्या फळीतला आक्रमक' म्हणा, अडत नाही.

खरी अडचण 'होल्डिंग'ची. 'धारक मध्यरक्षक' कृपा करून नको. त्याने काय धरलंय ते कोणालाच कळणार नाही. स्पॅनिशमध्ये या खेळाडूला 'पिव्होते' म्हणतात, म्हणजे ज्याच्याभोवती बाकीचं फिरतं ती खुंटी. आपल्याकडे ती वस्तू आहे, मेढ. मळणीच्या वेळी खळ्याच्या मधोमध मेढ रोवतात आणि बैलांची पात तिच्याभोवती फिरवतात. मेढेलगतचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो, कडेच्या बैलाला सगळ्यात लांबचा फेरा पडतो. बुस्केट्स आणि बगलेतून धावणारे, हेच चित्र! शिवाय ज्याच्या आधारावर घर किंवा फौज उभी असते, अशा माणसाला 'मेढ्या' म्हणायची जुनी रीत आहेच. शब्द विस्मरणात गेलाय, पण अर्थ शाबूत आहे. तेव्हा 'होल्डिंग मिडफिल्डर'ला 'मेढ्या' म्हणावं.

रुळेल का, अशी शंका येईल. ब्राझीलमध्ये याच जागेवरच्या खेळाडूला 'व्होलांते' म्हणतात. कार्लोस व्होलांते हा अर्जेंटिनाचा खेळाडू १९३८ मध्ये रिओच्या फ्लामेंगो क्लबात आला, ही जागा खेळला आणि त्याचं आडनावच त्या जागेचं नाव होऊन बसलं. परक्या देशातल्या माणसाचं आडनाव रुळतं, तर आपल्या खळ्यातला शब्द का रुळू नये?

मी तर तो अंतिम सामना असाच सांगेन : अलोन्सो बाहेर गेला, फाब्रेगास पुढे सरकला, आणि मेढ्या म्हणून मागे एकटा बुस्केट्स उरला.