साक्षीदार गेला, धनको आहे

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. पतीच्या दीर्घ आजारपणात त्यांच्या एका मित्राने तुम्हाला मोठी रक्कम उसनी दिली. कागद केला नाही. "देवाला स्मरून सांगते, पै न् पै परत करीन" हा तुमचा शब्द त्यांनी पुरेसा मानला. पती वाचले नाहीत आणि त्यानंतरच्या वर्षभरात तुमचा देवावरचा विश्वासही उरला नाही. आता ते मित्रही वारले आहेत, त्यांच्या मुलाला या व्यवहाराची कल्पना नाही, आणि तुमचे थोरले बंधू विचारतात, "देवच मानत नाहीस, तर त्याची शपथ कसली पाळतेस?" हे पैसे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवावेत असा विचार एका रात्री मनात येऊन गेला, हेही तुम्ही लपवलेले नाही. तुमचा प्रश्न असा: ज्याच्या नावाने शब्द दिला तोच नसेल, तर मी बांधलेली कोणाला? की ही नुसती जुनी भीती अंगात उरली आहे?

मी स्वतः आस्तिक आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझे उत्तर कोणत्या बाजूने येते आहे याचा संशय राहणार नाही.

उसनवारीत धनको आणि ऋणको असे दोन पक्ष असतात. साक्षीदार हा तिसरा. तो व्यवहार पाहतो, पण पैसे त्याचे नसतात. तुम्ही देवाला साक्षीला बोलावले होते, उसने मात्र एका माणसाकडून घेतले होते. साक्षीदार मेला, परागंदा झाला किंवा मुळात नव्हताच असे पुढे कळले, तरी देणे फिटत नाही. फार तर ते सिद्ध करणे अवघड होते. आणि इथे सिद्ध करायचेच काय आहे? घेतले, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या बंधूंचे म्हणणे क्षुल्लक नाही. जॉन लॉकसारख्या विचारवंताने 1689 मध्ये, तेही धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडताना, नास्तिकांना मात्र सहिष्णुतेतून वगळले. वचने, करार आणि शपथा यांचे बंधन त्यांच्यावर राहू शकत नाही, असे त्याचे कारण होते. पण या समजुतीचा पुढे व्यवहारात काय परिणाम झाला ते पाहण्यासारखे आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ हे उघड नास्तिक 1880 मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आले. ईश्वराच्या शपथेऐवजी साधे प्रतिज्ञापूर्वक कथन करू द्यावे अशी त्यांची विनंती होती; ती मान्य झाली नाही, आणि मग ते शपथ घ्यायला तयार झाले तर तीही घेऊ दिली नाही. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले, तरी 1886 पर्यंत त्यांना रीतसर शपथ घेऊन आसनावर बसता आले नाही. आणि 1888 मध्ये कायद्यानेच प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना खुला झाला. त्यांनी आपले मत लपवले असते तर पहिल्याच दिवशी आत गेले असते. म्हणजे त्या शपथेने अडवला तो खरे बोलणारा नास्तिक. खोटे बोलणाऱ्याला तिची काहीच अडचण नव्हती.

याहून अवघड आक्षेप एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या श्रद्धाळू कॅथलिक तत्त्वज्ञ बाईंनी 1958 मध्ये घेतला. आज्ञा देणारा ईश्वर सोडून दिल्यावर 'हे केलेच पाहिजे' म्हणत राहणे म्हणजे फौजदारी कायदा आणि न्यायालये बंद होऊन विस्मरणात गेल्यावरही 'गुन्हेगार' हा शब्द मागे उरावा तसे आहे, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप खरा वाटतो, पण आज्ञेपुरता. आज्ञेला आज्ञा देणारा लागतो. ऋणाला मात्र देणारा आणि घेणारा एवढे दोघे पुरतात. तुमच्या मनाला जे टोचते आहे ते ऋण आहे.

आणि आज्ञेनेही सगळे सुटत नाही. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो: देवांना आवडते म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? हा प्रश्न आपल्या बाबतीत लावून पाहा. देवाने उद्या "त्या मुलाचे पैसे बुडव" असे सांगितले, तर बुडवणे योग्य होईल का? आस्तिक म्हणून माझे उत्तर आहे की माझा देव असे सांगणार नाही. पण हे उत्तर मला देता येते, कारण बुडवणे वाईट हे मला त्याच्या आज्ञेची वाट न पाहता कळते. सांगण्यासारखे म्हणजे, जगाचा कर्ता ईश्वर न मानणाऱ्या मीमांसकांनी, म्हणजे वेदांतील विधींचा अर्थ लावणाऱ्या जुन्या परंपरेतल्या पंडितांनी, आपले सारे दर्शन कर्तव्याच्याच विचारावर उभारले. त्यांना वेदांचे प्रामाण्य लागले हे खरे. कर्ता मात्र लागला नाही.

तरीही श्रद्धा गेल्याने तुमचे काही गेले नाही, असे मी म्हणणार नाही. पूर्वी मोह झाला तर रात्री कोणापाशी तरी कबूल करता येत होते आणि सकाळी हलके वाटत होते. आता क्षमा मागायची तर ज्याचे घेतले त्याच्याकडेच जावे लागते, आणि तो दार उघडेल याची खात्री नसते. आपण नीट वागलो तर शेवटी सारे नीट होईल, हा आधारही गेला. पतीच्या बाबतीत तो कसा गेला हे तुम्ही सोसले आहे. नैतिक जीवनाला अशी आशा लागते असे जर्मन तत्त्वज्ञ कांटचे मत होते, पण कर्तव्याचे बंधन मात्र त्याने तिच्यावर टांगले नाही. जुन्या भीतीबद्दल म्हणाल, तर थोडी असेलही. पण तुमच्या पत्रात नरकाचा उल्लेख कुठेच नाही. उल्लेख आहे तो त्या मुलाच्या चेहऱ्याचा, आणि तो वडिलांसारखाच मान तिरकी करून बोलतो याचा. भीती इतके बारकावे टिपत नाही.

बंधूंशी वाद घालू नका. ते तुमची परीक्षा पाहत आहेत की स्वतःची काळजी बोलून दाखवत आहेत, हे मला दुरून सांगता येणार नाही. श्रद्धेचा निकालही आत्ताच लावायची घाई नको. दुःख ताजे आहे, आणि हे देणे त्या निकालासाठी थांबलेले नाही.

त्या मुलाला या आठवड्यात पत्र लिहा. सगळी रक्कम एकदम देता येणार नाही, हे तुम्ही लिहिलेच आहे. मग दरमहा किती जमेल ते सांगा, आणि मुलीच्या शिक्षणाला हात न लावता जमेल इतकेच सांगा, कारण न झेपणारा हप्ता कबूल केलात तर दुसरा शब्द मोडण्याची वेळ येईल. आपण किती प्रामाणिक आहोत याचे वर्णन त्यात नको, देवाचेही नको. वडिलांनी किती दिले, कधी दिले आणि कशासाठी दिले एवढे लिहा. रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही घाला आणि खाली सही करा. त्या वेळी राहिलेला कागद तेवढा पुरा होईल.