कांद्याच्या फ्रेंच सुपाला वेळ द्यावा
पॅरिसच्या जुन्या ले आल बाजारात पहाटे राबणाऱ्यांचे पोट भरणारे हे सूप प्रथमच करताना आपण सारी सवड कांद्यालाच द्यावी. चौघांसाठी १ किलो कांदे उभे पातळ चिरून, ५० ग्रॅम लोण्यात, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर किमान ४५ मिनिटे, बुडाला धरलेला तपकिरी थर थोड्या पाण्याने सोडवत परतावेत. आच वाढवल्यास ते करपतात आणि तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही. साखर घालून रंग आणणे मला मान्य नाही. मग थोडी पांढरी वाइन आटवून, १ लिटर बीफ स्टॉक (गोमांसाची हाडे उकळून गाळलेले पाणी) व थाइम ही सुवासिक पाने घालून अर्धा तास उकळावे. वर कडक भाजलेला पाव आणि किसलेले ग्रुयेर चीज ठेवून ओव्हनमध्ये वरच्या आचेखाली चीज सोनेरी होऊ द्यावे. पाव मऊ असल्यास त्याचा लगेच लगदा होतो.