तंबोरा लहान केला, तर तो तंबोरा राहील का?

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांपासून तंबोरे आणि सतारी घडवल्या जातात. मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण करून दोन वर्षांपूर्वी मी वडिलांच्या हाताखाली बसलो. गायकांना प्रवासात नेता येईल असा, भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पेटीचा लहान तंबोरा करून पाहावा, अशी माझी इच्छा आहे. वडील म्हणतात, आधी जवारी काढायला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून नाद खुलवायला शीक, मग नवे काय करायचे ते कर. मिरजेच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाल्यानंतर असे बदल चालतात का? मी आणखी काय शिकावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वडिलांनी सांगितलेला क्रम योग्य आहे, आणि तुमची इच्छाही योग्य आहे. चपट्या पेटीचे तंबोरे यापूर्वीही झाले आहेत. त्यांतले जे फसले, त्यांतल्या बहुतेकांची जवारी कच्ची होती, असे माझे मत आहे. घोडीच्या माथ्याला दिलेल्या अगदी हलक्या उतारावर तार घासत जाते, म्हणूनच एका षड्जातून स्वरांची लड उमटते. कानशीचा एक हात जास्त फिरला की हा नाद बिघडतो, आणि मग तार उतरवायची, घासायची, पुन्हा चढवायची, तिच्याखालचा दोरा केसभर सरकवून ऐकायचे, असे तासन्‌तास चालते. वडील कोणत्या क्षणी थांबतात आणि त्यांना तेव्हा नेमके काय ऐकू येते, हे त्यांना दर वेळी विचारा आणि लिहून ठेवा. प्रत्येक वाद्याच्या तारेची जाडी, तबलीची (भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीची) जाडी आणि त्या दिवशीची हवा यांची नोंद करा. वाद्य तयार होताच त्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा करा. तुमच्या डिप्लोम्याचा पहिला खरा उपयोग इथे आहे, कारण हे ज्ञान आजवर कानात आणि बोटांतच राहिले आहे.

पेटी चपटी केली की आतली हवेची पोकळी घटते आणि सर्वांत आधी खर्जाचा, म्हणजे खालच्या षड्जाचा, भरदारपणा कमी होतो. त्यामुळे पहिल्या प्रयोगात घोडी आणि तारा नेहमीच्याच ठेवून फक्त पेटी बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल. प्रवासातला गायक आज मोबाइलवरचे ॲप लावतो, ते सुरात पक्के राहते म्हणून. तुमच्या लहान वाद्याची खरी स्पर्धा या ॲपशी आहे, तेव्हा ते पटकन लागले पाहिजे आणि लागलेले टिकले पाहिजे. लाकडी खुंट्यांऐवजी गिटारसारख्या दातेरी चाव्या बसवण्याचा विचार मी जरूर करीन. परदेशी जाणाऱ्या वाद्यांचे सांधे कोरड्या हवेत उकलतात, म्हणून लाकडातला ओलावा मोजायलाही शिका.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये स्वतंत्र भौगोलिक मानांकने मिळाली. मानांकन असले तरी नवे वाद्य घडवायला कोणतीही आडकाठी नाही. मात्र नोंदणीत उत्पादनाचे जे वर्णन आहे, त्यात तुमचे वाद्य बसत नसेल, तर त्यावर मानांकनाचे चिन्ह लावू नका. त्याला त्याचे वेगळे नाव द्या. पारंपरिक तंबोऱ्यासाठी चिन्ह वापरायचे असल्यास चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद व्हावी लागते. नव्या पेटीचे रूप खरोखर वेगळे असेल, तर 2000 च्या डिझाइन कायद्याखाली ते नोंदवता येते आणि त्याला 10 वर्षे, पुढे वाढवून आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. अर्ज करण्यापूर्वी त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नका, कारण रूप एकदा जाहीर झाले की त्याचे नवेपण उरत नाही आणि नोंदणी नाकारली जाऊ शकते. हे संरक्षण केवळ रूपाला असते, नादाला नाही.

घराण्याच्या परंपरेला धक्का बसेल, ही भीती मात्र मनातून काढून टाका. मिरजेत 19व्या शतकात हे काम ज्यांनी सुरू केले, ते फरीदसाहेब शिकलगार हत्यारांना धार लावणाऱ्या समाजातले होते. हत्यारांचे काम मंदावले तेव्हा त्यांचे हात लाकडाकडे आणि तारेकडे वळले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गायक पुढे याच गावात राहिले, त्यामुळे घडवणाऱ्याला वाद्याचा दोष गाणाऱ्याच्या तोंडून लगेच कळत असे. तुम्हीही तेच करा. पहिला लहान तंबोरा रोज रियाज करणाऱ्या एखाद्या गायिकेकडे महिनाभर ठेवा आणि त्या काळात तो दुरुस्त करायला जाऊ नका. महिन्यानंतर तिने तो किती दिवस वापरला आणि कोणत्या दिवशी बाजूला ठेवला, एवढे विचारा, आणि दुसरा तंबोरा त्या उत्तरावरून घडवायला घ्या.