१९१७ सालचं वेब्ली रिव्हॉल्व्हर रेंजवर चालवणं सुरक्षित आहे का? अनुभव कसा असतो?

तुम्ही लिहिलंय की एका परिचितांकडे १९१७ सालचं वेब्ली मार्क ६ आहे, ते रेंजवर चला म्हणतात, पण शंभरी ओलांडलेलं शस्त्र हातात फुटेल की काय अशी धास्ती वाटते. मी असंच एक वेब्ली गेली काही वर्षं चालवतोय. तुमची धास्ती रास्त आहे, पण ती वयाबद्दल असण्याचं कारण नाही. नीट राखलेलं मार्क ६ वयामुळे सहसा दगा देत नाही. दगा देतं ते मधल्या काळात कुणीतरी त्याच्या सिलिंडरवर, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागावर, केलेलं काम.

मार्क ६ ब्रिटिश सैन्यात १९१५ साली आलं. काडतूस .४५५, म्हणजे २६५ ग्रेनची, जवळपास १७ ग्रॅमची जाडजूड शिशाची गोळी, वेग सेकंदाला जेमतेम १८० मीटर. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं मोठ्या संख्येने अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिथे .४५५ काडतूस सहज मिळेना, .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस मात्र जिकडेतिकडे. म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासून, पत्र्याच्या चंद्रकोरी क्लिपमध्ये अडकवलेली एसीपी काडतुसं त्यात बसवायची सोय केली गेली. बसतात, उडतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. पण .४५५ चा दाब साधारण १३,००० पौंड प्रति चौरस इंच, तर एसीपीची कमाल मर्यादा २१,०००. इतका दाब सोसायला हा सिलिंडर घडवलेलाच नाही. एखादा सिलिंडर शंभर फैरी सोसेल, दुसरा फाटेल, आणि कुठला कधी फाटेल ते बाहेरून कळत नाही. मला हे फार मनापासून सांगायचंय, कारण ‘आम्ही वर्षानुवर्षं एसीपीच वापरतो’ असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

तेव्हा परिचितांना पहिला प्रश्न हा विचारा: सिलिंडर तासलेला आहे का? तासलेल्या सिलिंडरात .४५५ काडतूस टाकलं तर ते घट्ट न बसता मागेपुढे खुळखुळतं. तसं असेल आणि हाताशी कारखान्यातली एसीपी असेल, तर रिव्हॉल्व्हर डोळे भरून पाहा, चापाला मात्र हात लावू नका. तासलेला नसेल तर नवं .४५५ मार्क २ काडतूस (मार्क २ हा काडतुसाचा नमुना, रिव्हॉल्व्हरचा नव्हे) वापरा, ते आजही बनतं. बाकी तपासणी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून करून घ्यावी: वरची कडी नळीला घट्ट धरते का, हॅमर (मागचा घोडा) ओढल्यावर सहाही चेंबर, म्हणजे सिलिंडरची काडतुसांची भोकं, एकेक करून नळीच्या रेषेत येतात का, नळीत फुगवटा तर नाही ना.

आता अनुभव. हातात घेतल्यावर आधी जाणवतं ते वजन, किलोभरापेक्षा थोडं जास्तच, आणि ते सहा इंची नळीमुळे पुढे झुकलेलं. पहिल्यांदा एकच काडतूस भरा. हॅमर अंगठ्याने मागे ओढा आणि मग चाप दाबा. हॅमर न ओढता नुसत्या चापाने मारायचं तर बोटाला इतका जोर लागतो की पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेतून हलतेच. ओढलेल्या हॅमरवर तोच चाप स्वच्छ सुटतो.

झटक्याची भीती बाळगू नका. गोळी जड पण संथ, रिव्हॉल्व्हर जड, त्यामुळे फटका बसत नाही, तळहाताला एक रेटा बसतो. आवाजही बोजड ‘धब्ब’ असा. गोळी आवाजाच्या निम्म्या वेगाच्या आसपास जाते, त्यामुळे कानठळ्या बसवणारा कडाका त्यात नसतो. कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण अर्थातच हवंच. साइट पक्क्या असतात आणि २६५ ग्रेनच्या गोळीसाठी जुळवलेल्या असतात. हलकी गोळी वापरली तर ती खाली लागते. अशा वेळी साइट घासायला घेऊ नका, गोळी बदला.

आणि सहा फैरी झाल्या की या शस्त्राची खरी मजा. अंगठ्याने डावीकडची पट्टी दाबायची, नळी बिजागरीवर खाली मोडायची, पुंगळ्या बाहेर ढकलणारा मधला ताऱ्याच्या आकाराचा भाग, म्हणजे तारा, वर येतो आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. यात घाई नको, पण संकोचही नको. मी पहिल्या दिवशी जपून, हळूहळू उघडलं, तर एक आखूड पुंगळी ताऱ्याखाली घसरली आणि तारा तिच्यावरच बसला. रिव्हॉल्व्हर ना उघडेना, ना मिटेना. नळी टार्गेटकडेच ठेवून रेंज ऑफिसरला बोलावलं, त्यांनी तारा बोटाने वर धरून लाकडी काडीने ती पुंगळी ढकलून काढली. तेव्हापासून मी ते किंचित आडवं करतो, नळी रेंजच्या दिशेला ठेवतो आणि एका दमात शेवटपर्यंत उघडतो. पुंगळ्या पायाशी पडतात, तारा ‘टक्’ करून परत बसतो आणि सहा रिकामी भोकं समोर दिसतात.