जुनी लिव्हरवाली फोर बाय फोर पिकअप जास्त भरवशाची की नवीन बटणवाली?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे, पावसाळ्यात पांदण रस्त्यानं साधी पिकअप आत जात नाही म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, घ्यायची आहे, आणि ज्याला विचारावं तो सांगून राहिला की जुनी लिव्हरवालीच घे, नव्या गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाही. माझं नागपूरला वाडीच्या बाजूला गॅरेज आहे, दोन्ही प्रकारच्या गाड्या येतात, म्हणून जे रोज बघतो ते सांगतो.

लोकं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. जुनी गाडी कमी बिघडते असं नाही, उलट जास्तच बिघडते, फक्त बिघडायच्या आधी आवाज देते आणि बिघडली तर कोंढाळीच्या मिस्त्रीकडेही उघडता येते. नवीन गाडीचं लोखंड वर्षानुवर्षं काहीच म्हणत नाही आणि मग ऐन चिखलात बटण फिरवलं की डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. त्रास दोन्हीकडे आहे, पण वेगळ्या जातीचा.

आधी हे बघा की आत यंत्र जवळपास एकच आहे. गिअर बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, त्यातून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे. टू एच म्हणजे फक्त मागची चाकं, फोर एच म्हणजे पुढचा शाफ्ट मागच्याला पक्का जोडला, फोर एल म्हणजे तेच पण जड गिअरमधे. महिंद्राच्या एमएम ५४० जीपसारख्या जुन्या गाडीत हे काम तुमचा हात आणि लिव्हर करतो, आणि काही गाड्यांत पुढच्या चाकाचे हब, म्हणजे चाकाच्या मधली टोपी, खाली उतरून हातानं फ्रीवरून लॉकवर फिरवावे लागतात. गेटअवे, झेनॉन, २०१६ ला आलेली व्ही-क्रॉस, २०२२ ला आलेली हायलक्स, या पिकअपांत बटण फिरवलं की छोटी इलेक्ट्रिक मोटर आतला काटा सरकवते. म्हणजे भरवशाचा सगळा वाद त्या मोटरचा, तिच्या सेन्सरचा, वायरिंगचा आणि पुढचा एक्सल जोडणाऱ्या भागाचा आहे, गिअरचा नाही.

आता ती मोटर का अडकते? वापर नाही म्हणून, बहुतेक वेळा हेच. माणूस गाडी घेतो, वर्धा रोडवर फिरवतो, आणि जुलैत काळ्या मातीत फसला की पहिल्यांदा बटण फिरवतो. तोवर मोटरच्या शाफ्टवर गंज, कनेक्टरमधे गेल्या पावसाचं पाणी जाऊन हिरवी बुरशी, आणि वरून आपल्याकडचा मे महिना, ४५ च्या वरचा पारा. ज्या गाड्यांत पुढचा एक्सल व्हॅक्यूमनं जोडला जातो त्यांच्या रबरी नळ्या या उन्हात कडक होऊन तडकतात, आणि नळीला बारीकशी चीर गेली तरी पुढची चाकं जोडली जात नाहीत. उंदरांचं तर विचारूच नका, शेतावर उभ्या गाडीचं वायरिंग त्यांना फार आवडतं. आणि हो, बॅटरी कमजोर असेल तरी मोटर पूर्ण फिरत नाही आणि दिवा लुकलुकतो, म्हणून कोणी डायरेक्ट मोटर बदला म्हणालं तर आधी बॅटरी चेक करायला लावा.

उपाय फुकटचा आहे. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर नेऊन फोर एच टाका, थोडं चालवा, मग थांबून न्यूट्रलमधे फोर एल टाका, परत काढा. डांबरावर नको बरं का. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतं, वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा पीळ ट्रान्सफर केस आणि शाफ्टच्या सांध्यातल्या जॉईंट क्रॉसवर येतो. चांगल्या गाड्यांची वाट अशानंच लागते, नवी असो की जुनी. हातानं लॉक करायचे हब असतील तर मात्र पावसाळाभर घरूनच लॉक करून निघा, टू एच मधे हब लॉक राहिले तर नुकसान होत नाही, थोडं ॲव्हरेज कमी होतं इतकंच, आणि चिखलात उतरायचं वाचतं.

जुन्या गाडीत काय बघायचं? ऑइल सील गळणं, लिव्हर आपोआप उसळून बाहेर येणं, किंगपिनचे बेअरिंग गेलेले, हे सगळं दुरुस्त होतं. मला खरी भीती वाटते ती जोडाजोडी केलेल्या गाड्यांची. फोर बाय टू ची, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारी गाडी घेऊन भंगारातला पुढचा एक्सल बसवलेला असतो, रंग मस्त मारलेला असतो, आणि पुढच्या क्राऊन पिनियनचा (एक्सलच्या आतल्या गिअरच्या जोडीचा) रेशो एक, मागचा दुसरा. अशी गाडी फोर एच मधे स्वतःशीच भांडते आणि ट्रान्सफर केस फोडून टाकते. तपासणी सोपी आहे: गिअर न्यूट्रल, लिव्हर टू एच वर, हब लॉक. एका बाजूचं चाक जॅकवर उचला, दुसऱ्या बाजूचं जमिनीवर राहू द्या, उचललेलं चाक पूर्ण दोनदा फिरवा आणि त्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजा. मागे आणि पुढे सारखाच आकडा यायला पाहिजे. नाही आला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आरसी बुकावरही ती गाडी काय म्हणून नोंदलेली आहे ते बघा, असे बदल आता कायद्यात बसत नाहीत.

माझ्या मते सगळ्यात जोखमीची मधली पिढी आहे, म्हणजे बटणवाली पण पंधरा वर्षं जुनी झालेली आणि मॉडेलच बंद झालेलं. तिला जुन्या गाडीचा साधेपणा नाही आणि नव्याचं ताजं वायरिंगही नाही, शिफ्ट मोटर किंवा कंट्रोल मोड्यूल शोधायला महिना जातो आणि तेवढ्यात बहार उतरून जातो. जीपचा पार्ट नागपुरात दोन तासांत मिळतो.

तुमच्या कामासाठी, वर्षभर रोज चालवायची असेल, क्रेट घेऊन कळमना मार्केटला यायचं असेल, तर बजेट बसत असल्यास नवीनच घ्या. ब्रेक, सीट, हायवेवरचा दम यांत फरक आहेच, शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत रिकामं फिरणारं चाक ब्रेकनं आवरायची सोय असते, त्याचा चिखलात खरोखर उपयोग होतो. नुसती शेतापुरतीच पाहिजे असेल तर मूळ फॅक्टरीची फोर बाय फोर असलेली जुनी शोधा. दोन्हीत टायरचे पैसे बाजूला ठेवा, आपल्या काळ्या मातीत रस्त्याच्या टायरची नक्षी भरली की चारही चाकं जागेवर फिरतात. आणि चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे ठेवा, दोन नवे दोन गुळगुळीत असं नको.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला मोकळ्या मैदानात न्यायला सांगा. बटणवालीत फोर एच टाकल्यावर दिवा स्थिर व्हायला पाहिजे, काढल्यावर विझायला पाहिजे. नाही विझला तर थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की बहुतेक वेळा जातो. मग टू एच मधे स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, गाडी अडखळत असेल तर पुढचा शाफ्ट अजून सुटलेला नाही. ट्रान्सफर केसमधे ऑइल कोणतं टाकलंय तेही विचारा, चेनवाल्या बऱ्याच केसमधे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचं पातळ ऑइल लागतं आणि कितीतरी ठिकाणी सरसकट गिअर ऑइल भरून देतात, मॅन्युअलमधे बघूनच टाका.